तुराटी आणि शेवाळ

जेवून हात धुवायला अंगणात आलो तर हौदावर पुन्हा शेवाळ. परवाच तर काढलं होतं.

हौद म्हणजे फार काही नाही. लातूरच्या घराच्या अंगणात, जमिनीत खोदलेला, चार बाय सहाचा. बायकोनं कमळांसाठी हौसेनं करून घेतलेला. कमळं रुसली, बेडूक मात्र न बोलावता आले. पहिल्या वर्षी मृगाच्या पावसाला रात्रभर असा गलका, की शेजारचे काका सकाळी विचारतात, "लगीन होतं का ओ रात्री तुमच्याकडं?" पाण्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखी अंडी. दोन-तीन दिवसांत त्यांना शेपट्या फुटल्या.

काकांची पूर्वी द्राक्षबाग होती, त्यामुळं जगातल्या सगळ्या दुखण्यांना त्यांच्याकडं एकच औषध : "मोरचूद टाका की चिमूटभर. पाणी आरशावानी होतंय." होईल की, पण मोरचूद म्हणजे तांब्याचं विष, बेडकांची पिल्लंही जातील.

म्हणून माझी तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी. पाण्यात घालायची, हातात हळूहळू फिरवायची. शेवाळ तिला लोकरीसारखं गुंडाळत येतं. बाहेर काढल्यावर काठावर, अगदी पाण्याला लागून, रात्रभर ठेवायचं. त्यात अडकलेली पिल्लं, किडे आपापले परत घसरतात. सगळं काढायचंही नाही. पिल्लं तेच तर कुरतडतात. शिवाय हौदात बोअरचं पाणी सोडायचं नाही, पत्र्यावरून आलेलं पावसाचंच. शेतातल्या युरियाचा अंश झिरपत बोअरला उतरतो, आणि शेवाळाला तेवढंच हवं असतं. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की पाइपला हात लावला तरी सगळे माझ्याकडं बघतात.

गावाकडं आमच्या विहिरीजवळ दगडी हाळ होता. बैल पाणी प्यायच्या आधी नाकानं एक फुंकर मारायचा, शेवाळ बाजूला सरायचं, तेवढ्या गोल उघड्या पाण्यात तोंड घालायचा. बैलाला हे कुणी शिकवलं असेल? पाऊस ओढला की तो मागायला धोंडी निघायची. कडुलिंबाचा पाला गुंडाळलेलं पोरगं पुढं, मुसळाला बांधलेला बेडूक खांद्यावर, आणि दारोदार बायका तांब्यानं पाणी ओतायच्या. तो बेडूक हाळातून पकडून आणायचं काम माझं. एकदा शेवाळावरून पाय सटकला आणि मी बैलाच्या पुढ्यात हाळात. त्यानं मलाही फुंकर मारली.

तुराटी फिरवताना २०१६ आठवतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते साल. हौद कधीच आटला होता. तळाला शेवाळाचा करडा पापुद्रा, भाजलेल्या पापडासारखा, हात लावला की भुगा. बायकोनं एक दिवस तो खराट्यानं झाडून जास्वंदीच्या आळ्यात टाकला. जास्वंदही वाळलेलीच होती.

त्या उन्हाळ्यात काकांनी मोरचुदाचं नाव काढलं नाही.