आमची वाटचाल : पहिल्या पुस्तकांचे प्रकाशक

मी, माझी पत्नी आणि एक मुद्रितशोधक, एवढाच आमच्या प्रकाशनाचा संसार. नावाजलेले लेखक आमच्याकडे फिरकणार नव्हतेच, म्हणून सुरुवातीला नवोदितांना हाताशी धरलं. पुढे तीच आमची ओळख झाली.

तेव्हा लेखक हस्तलिखित देऊन मोकळा व्हायचा. मधे एकदा मुद्रितं तपासायला यायचा, की एकदम प्रकाशन समारंभालाच. मुखपृष्ठ, कागद, विक्री ही आमची डोकेदुखी. 2007 साली किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं उपकरण आलं, पाठोपाठ स्वतःचं ई-पुस्तक स्वतःच काढायची सोय झाली. मागणीनुसार छपाईत अगदी दहा-वीस प्रतीही निघू लागल्या. प्रकाशकाच्या दारात ताटकळायची गरजच उरली नाही. आमच्यातले काही जण धास्तावले. मला मात्र बरं वाटलं. नुसतं छापून घ्यायचंय तो आता आमच्याकडे येत नाही. येतो तो संपादनासाठी.

एका मुलीची पहिली कादंबरी जुळवून झाली तेव्हा पानं भरली 164. फर्मा म्हणजे पानं एकत्र छापून घडी घातलेला कागदाचा ताव. आमचा फर्मा 16 पानांचा, म्हणजे 10 फर्म्यांत 160 पानं बसतात. वरच्या 4 पानांसाठी अर्धा फर्मा जोडायचा आणि त्यातली निम्मी पानं कोरी सोडायची, नाहीतर मजकूर छाटायचा.

“सर, अक्षर थोडं बारीक केलं तर?”

“अक्षराला हात लावायचा नाही. काय जड झालंय ते तुम्हीच शोधा.”

ती तोंड पाडून गेली. परत आली ती शेवटचं प्रकरणच काढून. त्यात नायिका मैत्रिणीला सगळ्या कथेचा अर्थ समजावून सांगत होती. आता कादंबरी संपते ती भांडणानंतर नायिका गाडीत बसते तिथे. मी पेन्सिल घेऊन बसलो असतो तरी एवढं धाडस केलं नसतं.

हल्लीची पोरं मात्र पहिल्याच भेटीत विचारतात, “फॉलोअर्स किती लागतात?” मी तो आकडा विचारत नाही. लेखकाने वाचकांशी बोलावं, अभिवाचन करावं, हौस असेल तर रीलही करावं. पण विक्रेत्याकडे प्रती पोचवणं आणि त्याच्याकडची वसुली ही कामं लेखकाच्या गळ्यात मारणारा प्रकाशक नेमकं करतो काय, हे मला कळत नाही.

करारपत्रही बदलत गेलं. छापील आणि ई-पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, वेगवेगळा लागतो. तसेच हक्कही आम्ही वेगवेगळे लिहितो. ऑडिओ आम्ही काढत नाही, मग ते हक्क आमच्या कपाटात कशाला? आवृत्ती संपली आणि ठरल्या मुदतीत नवी निघाली नाही, तर पुस्तक लेखकाकडे परत जातं. अलीकडे एक कलम वाढवलंय : लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी द्यायचा नाही. करार सहीच्या आधी घरी पाठवतो. घाईने सही करू नका, कुणा जाणत्याला दाखवा, असं बजावतो. तरी निम्मे लोक न वाचताच सही करून आणतात, तो भाग वेगळा!

आमच्याकडे पहिलं पुस्तक केलेले दोघे आता नव्या संहिता वाचून देतात, रीतसर मानधन घेऊन. त्यांचे शेरे माझ्यापेक्षा कडक असतात. परवा मला पसंत पडलेली एक संहिता त्यांनी परत पाठवायला लावली, सोबत दोन पानी पत्र जोडून. त्या लेखकाने फोन केला तो मला नाही, थेट त्यांनाच.