चिनी न वाचता चिनी वैद्यक

‘चीनबाहेर चिनी वाचणारे असे कितीसे? मग सुया टोचायची ही विद्या, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, जगभर गेली कशी?’ वैद्यकाच्या इतिहासावर बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. आज तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

जपान-कोरियाचं सोडा, तिथले वैद्य चिनी ग्रंथ थेट वाचत. गंमत पुढे आहे. इराणात तब्रीझला मंगोल दरबाराचा वजीर रशीदुद्दीन याने नाडीपरीक्षेचा चिनी ग्रंथ फारसीत आणवला. 1313 ची त्याची प्रत इस्तंबूलला आहे. पण एवढा राजाश्रय असूनही पुढच्या वैद्यांवर त्याची छाप जवळपास दिसत नाही.

माझं विचाराल तर ही विद्या पंडितांपेक्षा दुखणेकऱ्यांनीच जास्त फिरवली. बटाव्हियातला, म्हणजे आजच्या जकार्तातला, डच पाद्री हेर्मान बुशोफ गाऊटने, म्हणजे सांधे सुजून ठणकण्याच्या दुखण्याने, बेजार होता. बायकोने हट्टच धरला म्हणून त्याने एका स्थानिक वैदू बाईला पाय दाखवले. दवण्याच्या कुळातल्या एका झाडाच्या सुक्या पानांचा कापसासारखा मऊ भुगा असतो, त्याच्या इवल्या गोळ्या तिने पावला-गुडघ्यांवर ठेवून पेटवल्या. चिनी वैद्यकात सुयांच्या जोडीने चालणारा हा उपाय, आपल्याकडच्या डागण्याच की! पाद्रीला आराम पडला आणि त्याने 1675 मध्ये पुस्तकच काढलं. दोनच वर्षांनी इंग्रज मुत्सद्दी विल्यम टेंपलने स्वतःच्या गाऊटवर तोच उपाय केला आणि त्यावर लिहिलंही.

सुयांचा रस्ता मात्र वाकडा. डच कंपनीचा डॉक्टर विलेम टेन राइने 1674 ला नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. चिनी मजकूर जपानी वैद्य समजावणार, दुभाषा तो मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगणार आणि हा लॅटिनमध्ये उतरवणार! शरीरातले प्राणशक्तीचे मार्ग त्याला रक्तवाहिन्याच वाटले, यात नवल ते काय. तरी 1683 ला लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकाने युरोपला सुया कळल्या.

1971 ला पुन्हा तेच. पेकिंगमध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टनचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन सुयांवर झालं असं लोक आजही ठोकून देतात, ते खोटं. भूल नेहमीच्या इंजेक्शननेच दिली होती. सुया नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा, कोपरात आणि गुडघ्यांखाली टोचल्या. त्याने ते वर्तमानपत्रात लिहिलं आणि अमेरिकेत एकच चर्चा सुरू झाली.

भारत मात्र त्याच्याही आधीचा. 1938 ला सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसह चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत विजय बसू होते. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते तिथेच ही विद्या शिकले आणि कोलकात्यात सुया टोचू लागले. आपल्याकडे कोटणीस सगळ्यांना ठाऊक. बसूंचं नाव क्वचितच निघतं.