बोंडल्याची रानमोडी

रविवारी सकाळी गोव्यातल्या बोंडला अभयारण्यात सफाईला गेलो होतो, फोंड्याहून आम्ही आठ जण, वनखात्याची परवानगी आधीच काढली होती. मला वाटलेलं प्लास्टिक गोळा करायचं आणि दुपारी जेवायला घरी. प्लास्टिक होतंच, चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, पण सगळ्यात वाईट म्हणजे व्हाळाच्या कडेला फोडलेल्या बियरच्या बाटल्या, त्या काचा पातेऱ्याखाली, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांखाली, दिसतही नाहीत आणि तिथूनच गवे, भेकरं पाण्यावर उतरतात. दोन गोणी नुसत्या काचांच्या भरल्या, प्रचंड राग आला.

मी पायवाटेवरचा पातेराही ओढायला लागले तर सोबतचे गार्डकाका म्हणाले, "बाय, तें काडूं नाका." तो कुजूनच माती होते, त्याखालीच बी रुजतं. अंगण झाडायची सवय रानात चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी खरं काम दाखवलं, रानमोडी नावाचं झुडूप काढायचं. मूळची अमेरिका खंडातली, इथे आली आणि जिथे झाडं तुटून ऊन पडतं तिथे नुसती माजते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यात वाळून काडी होते आणि वणवा लागला की पेट्रोलसारखी पेटते. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या आगी आठवतात ना, तेव्हापासून सुकं झुडूप दिसलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. ही कोयत्याने छाटून भागत नाही, बुंध्यातून परत फुटते, मुळासकट उपटावी लागते आणि ते पावसातच जमतं कारण माती मऊ असते. जळवा चिकटतात, पण तीन तासांत आम्ही एक पट्टा मोकळा केला आणि खाली कुड्याच्या झाडाची रोपं निघाली, इवलीशी, पिवळी पडलेली, पण जिवंत!

बाबा दरवर्षी चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी, कांगलं, कवंडाळ शोधत गावभर फिरतात आणि म्हणतात, पूर्वी हे घरामागच्या डोंगरावरच मिळायचं. तिथे आता सगळी रानमोडीच आहे. पुढचा रविवार त्या डोंगरासाठी ठेवलाय, बाबाही येतो म्हणालेत.

बोंडल्याला ऑक्टोबरात परत जायचंय, रानमोडी फुलायच्या आत, कारण एकदा फुलली की बी वाऱ्यावर उडून त्याच पट्ट्यात पुन्हा पडणार. ज्यांना यायचंय त्यांनी जाड हातमोजे आणि गमबूट आणा, कोयता नको.