दुपारचं प्रॅक्टिकल

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात म्हणून हसणाऱ्यांनी कधी पेठेतली घरं पाहिलेली नसतात. दुकानदार निदान कुलूप लावून स्वतः घरी जातो. आमच्या नारायण पेठेतल्या घरात दीड वाजता आजोबा हॉलमधल्या दिवाणावर डाव्या कुशीला वळतात, तोंडावर पेपर घेतात, आणि तिथून चार वाजेपर्यंत घरातल्या फ्रिजलाच काय तो आवाज करायची मुभा. कुकर लावायचा नाही, कपाटाचं दार ओढायचं नाही. पार्सलवाला आला तर बेल वाजायच्या आत दार उघडायचं. हे कसं जमवायचं, हे ज्याचं त्यानं बघायचं.

तर २०२० साली कॉलेजनं एस. वाय. बी.एस्सी.चं ऑनलाइन टाइमटेबल पाठवलं. फिजिक्स प्रॅक्टिकल, बॅच बी, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार.

सकाळबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पावणेआठचं लेक्चर पांघरुणात व्हायचं, हजेरी चॅटमध्ये लागायची. मॅथ्सच्या सरांचं झूमचं खातं फुकटातलं, त्यामुळे ४० मिनिटं झाली की सर वाक्याच्या मध्येच गायब. नवी लिंक येईपर्यंत चहा. मला ती पद्धत मनापासून आवडायची. साडेअकरानंतर जर्नल लिहायचं किंवा लिहिल्यासारखं करायचं, एकला जेवण. खरा दिवस दोनला सुरू व्हायचा. राउटर दिवाणाच्या बरोबर वर भिंतीला, आतल्या खोलीत बाबांच्या ऑफिसच्या मीटिंगा, स्वयंपाकघरात रेंजच्या नावानं बोंब. म्हणजे आजोबांच्या पायथ्याशी पाट टाकून, त्यावर लॅपटॉप ठेवून बसायला पर्याय नव्हता.

पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आमचं ट्रेनिंगच तसं होतं. मे महिन्यात आत्याची दोन आणि काकाचा एक अशी सगळी आमच्याकडे यायची. दुपारी शहाबादी फरशीवर पोटं टेकून आम्ही पालथे पडायचो आणि नाव-गाव-फळ-फूल खेळायचो. बिनआवाजी. अक्षर बोटानं हवेत काढायचं. एकदा 'ढ' आला आणि आत्येभावानं फळाच्या रकान्यात 'ढेमसं' लिहिलं. मी कागदाच्या मागे लिहिलं, 'भाजी आहे.' त्यानं लिहिलं, 'फळभाजी आहे.' मी लिहिलं, 'मग वांगं पण फळ का?' त्यानं पेन माझ्या दंडात खुपसलं. मी त्याला चावले. हे सगळं चिडीचूप. शेवटी काकाच्या मुलाला हसू आवरेना, त्यानं उशी तोंडात कोंबली, तरी नाकातून फुर्रकन आवाज आलाच. तेव्हा पेपरखालून फक्त एक 'हं' आला. आम्ही गोठलो. काय ही सावध झोप, असं तेव्हा वाटायचं.

त्यामुळे पुढं अख्ख्या जगाला 'म्यूट करा, म्यूट करा' म्हणून ओरडून सांगावं लागत होतं, तेव्हा मला त्या बटणाची गंमत वाटायची. आमच्याकडे ते 'हं' नावानं मी जन्मायच्या आधीपासून होतं.

प्रॅक्टिकलचं मात्र वाईट वाटायचं. न्यूटन्स रिंग्ज हा उजेडाची वेव्हलेंग्थ काढायचा प्रयोग मी सबंध उंदरावर बोट ठेवून केला. व्हर्च्युअल लॅबमध्ये बटण दाबलं की सोडियम लॅम्प पेटायचा, तो थेट पिवळा. आता एफ. वाय.ला मार्चमध्ये सगळं बंद व्हायच्या आधी आम्ही खरा सोडियम लॅम्प पाहिलेला होता. तो असा लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबी-लाल होतो, चांगली पाच-सात मिनिटं कुरकुरतो, आणि मग हळूहळू डार्करूमभर पिवळा पसरतो. त्या उजेडात दुसरा रंगच नसतो. मैत्रिणीची लालभडक ओढणी काळी दिसते, ओठ काळे दिसतात, सगळी बॅच भुतांची. तेवढ्या वेळात कुणाचं कुणाशी काय चाललंय ते सगळं कळायचं. शिवाय खऱ्या लॅबमध्ये वेव्हलेंग्थ कधीच ५८९३ ॲंगस्ट्रॉम येत नाही. साडेसहा हजार येते, मग उत्तरावरून मागं येत सभ्यपणे रीडिंग जुळवायची, ही एक कलाच आहे. स्क्रीनवर पहिल्याच फटक्याला बरोबर. जर्नलमध्ये 'त्रुटींची कारणे' हा रकाना तरीही भरायचाच होता. कसली त्रुटी? हात थरथरला नाही, स्क्रू मागं-पुढं झाला नाही, कुणी टेबलाला धक्का दिला नाही. मी जुन्या जर्नलमधून बॅकलॅश एरर, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतल्या ढिलेपणानं येणारी चूक, उतरवून काढली.

सेमिस्टरच्या शेवटी ओरल आली. वार गुरुवार, वेळ अडीच. कॅमेरा चालू, आवाज चालू. सरांनी विचारलं, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, कसा काढाल? मी उत्तर दिलं, पण आमच्या घरच्या दुपारच्या पट्टीत. सर म्हणाले, आवाज येत नाहीये. मी ओठ जास्त हलवले. सर म्हणाले, येत नसेल तर तसं सांगा.

तेवढ्यात दिवाणावरून, पेपरखालून, खणखणीत: "मेन स्केलचं एक डिव्हिजन भागिले व्हर्निअरची एकूण डिव्हिजन्स. मोठ्यानं सांग की गं."

सर क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरोबर आहे. कोण आहेत?"

"आजोबा. खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, टूलरूमला."

"त्यांना बॅकलॅशबद्दल विचारा."

"स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा," पेपर म्हणाला. "मागं यायचं नाही. आलात तर पहिल्यापासून."

सर हसले आणि मला पुढचा प्रश्न त्यांनी जरा मायेनं विचारला.

संध्याकाळी मी आजोबांना धरलं. "म्हणजे तुम्ही जागे असता?"

"झोप कुठली गं," ते म्हणाले. सगळी उमर त्यांनी सायकलवरून नवा पूल ओलांडून (तो १९२३चा आहे, तरी नवाच) खडकी गाठली. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची, सगळं भोंग्यावर. रात्रपाळ्यांनी दुपारची झोप जी मोडली, ती मोडलीच.

"मग रोज पडता कशाला?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी नुसता बसलो ना, तर तुझी आजी उठते. चहा टाकू का, धान्य निवडू का, माळा आवरू का. मी पडलो की सगळं घर गप्प होतं. मग तीही तेवढी टेकते."

मला गलबलून वगैरे आलं. बारा जणांचं एकत्र घर आणि सासूबाईंची ताकीद ऐकत आलेली आजी, तिच्यासाठी या माणसानं वर्षानुवर्षं तोंडावर पेपर घेऊन काढली. मी लगेच आत जाऊन आजीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"ते जागे असतात हे मला लग्नाच्या वर्षापासून माहितीय."

"आणि तू? तू झोपतेस ना?"

"छे. मी आपली शब्दकोडं सोडवते."

"अगं, मग दोघंही जागेच, तर बोलत का नाही कुणी?"

आजीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की हिला हे लोक कॉलेजात शिकवतात तरी काय.

"दुपारी?" ती म्हणाली.