घड्याळ अमेरिकेचं, गजर फोंड्याचा

सोमवार, १७ मार्च २०२५. रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

सकाळी कंपनीत पोचलो, कार्ड पंच केलं आणि चहाच्या रांगेत उभा राहून आमच्या फँटसी बास्केटबॉल लीगचा आठवड्याचा निकाल पाहिला. मी पाच, मास्तर चार. स्टील्समध्ये, म्हणजे हिसकावलेल्या चेंडूंत, माझे अडतीस, त्याचे सदतीस. म्हणजे सहावी जागा माझी, प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, मी. चहावाल्या मावशीने विचारलं, साखर घालू ना? मी नको म्हटलं. मला मधुमेह नाही, तरी नको म्हटलं.

वहीत उगाच लपवाछपवी कशाला? मी ही मॅच जिंकलेलो नाही. अमेरिकेच्या घड्याळाने ती मला जिंकून दिली, आणि त्या घड्याळाची आठवण करून देणं हे माझं काम होतं.

आमची फँटसी लीग दहा जणांची. सगळे फोंड्याच्या एकाच शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेले. गोव्यात बास्केटबॉलवाल्याला तसं कोणी विचारत नाही. राज्याचा खेळ फुटबॉल, आमच्या वाट्याला जाळी नसलेली लोखंडी रिंग. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर खेळतो. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे आणि ते सामन्यात जे करतील ते आपल्या खात्यात. दर आठवड्याला एकाशी एक अशी लढत, नऊ गोष्टींत: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या बास्केट, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू. शेवटच्यात कमी असेल तो जिंकतो. नवातल्या पाच घेतल्या की आठवडा तुमचा.

हे खूळ १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच खानावळीत सुरू झालं. डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकाने मित्रांना जमवून बेसबॉलसाठी ते रचलं. लीगला नावही त्या खानावळीचंच पडलं, रोटिसरी. आमच्या लीगचा जन्मही खानावळीतलाच, फक्त समोर पातळ भाजी, पाव आणि मिरची होती.

या वर्षीचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची वाटणी, २० ऑक्टोबरला झाला, नरकासुराच्या मांडवात. वाड्यावरची पोरं बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बांधत होती आणि त्याच्या मांडीला टेकून आम्ही लॅपटॉप उघडून बसलो होतो. ड्राफ्ट सापासारखा वळतो. पहिल्या फेरीत जो शेवटचा, तो दुसऱ्या फेरीत पहिला. फार्मसीवाल्याने वेम्बान्यामा उचलला. मी डॉन्चिच घेतला. मास्तरच्या वाट्याला यानिस आला, आणि मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला. मास्तर शाळेत खेळाचा शिक्षक. पोरांकडून रोज फ्री थ्रो मारून घेतो, आणि त्याच्याच संघात फ्री थ्रोची टक्केवारी साठीच्या आसपास रेंगाळणारा यानिस! शहाणे लोक अशा वेळी ती एक कॅटेगरी सोडून देतात आणि बाकीच्या आठांवर जोर लावतात. मास्तरनेही सोडली. पण दर वेळी यानिसचा फ्री थ्रो हुकला की ग्रुपवर कपाळाला हात लावलेलं चित्र टाकतो, पहाटे साडेपाचला.

नरकासुराचा मुखवटा जाळायच्या आधी काढून ठेवतात, तो आम्ही मागून घेतला. लीगमध्ये जो शेवटचा येईल त्याने तो वर्षभर हॉलमध्ये टांगायचा. गेल्या वर्षी डिचोलीवाल्याकडे होता. त्याची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मी लीगचा कमिशनर, म्हणजे कारभारी. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. पहिल्या वर्षी अ‍ॅपमध्ये लीग मी तयार केली, म्हणून मी. ते पहिलं वर्ष २०१९-२०चं. अमेरिकेत ११ मार्चची रात्र होती, आपल्याकडे १२ची सकाळ. रूडी गोबेअर या खेळाडूला कोरोना झाल्याचं कळलं आणि सगळी एनबीएच थांबली. तेव्हा मी पहिला होतो, पण कप कोणालाच दिला नाही. तो निर्णयही मलाच द्यावा लागला. स्वतःविरुद्धचा होता म्हणून सोपा गेला.

बाकी कमिशनरचं काम म्हणजे वाड्यावरच्या उत्सव समितीच्या खजिनदारासारखं. वर्षभर कोणी विचारत नाही, आणि एक रुपया इकडचा तिकडे झाला की सगळे दारात. २ फेब्रुवारीला रविवार होता. सकाळी पावणेअकराला मी मासळी बाजारात बांगड्यांचा भाव करत होतो. फोन थरथरायला लागला तो थांबेना. डॅलसने डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला, बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला! बातमी देणाऱ्या शॅम्स शराणियाचं खातं कोणी हॅक केलंय असंच सगळ्यांना वाटलं. मी बांगडे तसेच टोपलीत टाकून बाजूला झालो. मासेवालीने विचारलं, घरी काही झालं का? काय सांगणार तिला, की माझा एक पायदुखीने बसलेला माणूस डॅलसहून लॉस एंजलिसला गेला म्हणून? त्याच महिन्यात वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि त्याचा मोसम संपला. फार्मसीवाल्याने ग्रुपवर आम्हाला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणजे काय ते अख्खं समजावून सांगितलं आणि शेवटी लिहिलं, कोणाला पाहिजे का हा, फुकट देतो.

या कटकटी चालतात. त्यांत माझा दोष नसतो. या वेळचा आहे.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात. आपण करत नाही. त्यामुळे हिवाळ्यात जो सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, तो मार्चपासून साडेचारला. एकदा सामना सुरू झाला की त्या खेळाडूला कुलूप, बेंचवर असला तर बेंचवरच, त्याचे आकडे आपल्या खात्यात नाहीत. मी लाइनअप, म्हणजे कोण आत आणि कोण बेंचवर ते, रात्रीच लावून झोपतो. मास्तर लावत नाही. कोण दुखावलाय, कोणाला विश्रांती दिलीय, ते शेवटच्या क्षणापर्यंत बघून लावायचं असं त्याचं शास्त्र. त्याच्याकडे गजर नाही, पोदेर आहे, दारोदार येणारा पाववाला. सव्वापाचला पोदेराचा भोंपू वाजतो, मास्तर उठतो, चार उंडे घेतो, पैसे देतो आणि एका हातात पावाची पिशवी धरून दुसऱ्या हाताने टीम लावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दर वर्षी मार्चमध्ये मी ग्रुपवर टाकतो: उद्यापासून सामने एक तास लवकर, गजर बदला. या वर्षी नाही टाकलं. शिगमो, आमचा होळीचा सण, तोंडावर आला होता, पोराला रोमटामेळाच्या मिरवणुकीत जायचं होतं, त्याच्या फेट्याची आणि शेल्याची धावपळ चालली होती. ही सबब नाही, झालं ते लिहितोय.

मंगळवारी ११ तारखेला पोदेर नेहमीच्याच वेळी आला. सामने सुरू झालेले होते. मास्तरचा एक गार्ड बेंचवर अडकला, आणि त्या गार्डने त्या दिवशी तीन स्टील केले. सदतीसात तीन मिळवले की चाळीस. माझे अडतीस. टर्नओव्हर मोजून पाहिले, टक्केवारीही धरून पाहिली, बाकीच्या आठांत काहीच बदलत नाही. एवढा एक आकडा फिरला की मास्तर पाच, मी चार.

मास्तर भांडला असता तर बरं झालं असतं. मंगळवारी सकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, "आज घड्याळ चुकलं रे. ठीक आहे." त्यानंतर एक शब्द नाही. यानिसवरचं कपाळसुद्धा नाही.

भांडले ते बाकीचे. जानेवारीत आमचा तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा शिपीवाला, अटलांटिकमध्ये होता, तीन दिवस नेट नाही म्हणून आधीच सांगून गेला होता, तेव्हा त्याची टीम मी लावली होती. कमिशनरला ते करता येतं. दुसऱ्याची लाइनअप बदलता येते, मागच्या दिवसाचीसुद्धा. तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. आता मडगावचा वकील उठला: शिपीवाल्याला एक न्याय आणि मास्तरला दुसरा? पुण्यातला म्हणाला, शिपीवाल्याने आधी सांगितलं होतं, मास्तर झोपला होता. डिचोलीवाला म्हणाला, नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, झोपेची जबाबदारी ज्याची त्याची. ते वाक्य माझंच. २०१९ मध्ये खानावळीच्या बिलामागे लिहिलं होतं.

शेवटी मी मतदान ठेवलं. मी आणि मास्तर सोडून आठ जण. बदलावं म्हणणारे तीन, नको म्हणणारे चार. आठवं मत तारवट्याचं. त्याला पाठवलेल्या मेसेजवर दुपारपासून एकच टिक आहे. दुसरी कधी येणार ते समुद्रालाच ठाऊक. आणि त्याने बदलावं म्हटलं तरी चार-चार. पुन्हा चेंडू माझ्याकडेच.

जेवताना बायकोला सांगितलं. तिला यातलं काही कळत नाही असं मी समजत होतो. ती म्हणाली, "म्हणजे परीक्षा घेणारा तूच, परीक्षेची वेळ सांगायला विसरलास तूच, आणि पहिला नंबर पण तुझाच." मी म्हटलं, पहिला नाही, सहावा. ती सोलकढी वाढून आत गेली.

बटण समोर आहे. 'कमिशनर: संघात बदल करा.' तारीख निवडायची, १० मार्च. आपल्या ११च्या पहाटेला तिकडे सोमवारच होता. गार्डला बेंचवरून उचलून आत टाकायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. उद्या पहाटे साडेचारला प्लेऑफ सुरू झाल्यावर मात्र जोड्या पक्क्या.

मतदानात चार जण नको म्हणालेत हे मला दिसतंय. पण ते झोपेबद्दल बोलतायत. पोदेर काही उशिरा आला नव्हता, मास्तरही उठला होता.

बाराला पाच कमी. दाबलं.

ग्रुपवर लिहिलं: मास्तर सहावा, मी सातवा, ज्याला शिव्या द्यायच्यात त्याने शनिवारी घरी येऊन द्याव्यात, चिकन शागुती आहे. वकिलाचा अंगठा लगेच आला. डिचोलीवाल्याचा लाल तोंडाचा इमोजी. मास्तरच्या नावापुढे काही नाही. तो दहाला झोपतो.

मंगळवार, १८ मार्च. पहाट.

झोप लागली नाही. लागली असती तर घोटाळाच होता, कारण सव्वाचारला अ‍ॅप उघडलं तर मास्तरची टीम लावलेलीच नाही. यानिस बेंचवर, तो तीन स्टीलवाला गार्ड बेंचवर, सगळा संघ जिथल्या तिथे. साहजिकच आहे. आपण बाहेर पडलो असं समजून तो झोपलाय. आपण प्लेऑफमध्ये आहोत हे अजून त्याला माहीतच नाही. आणि बटण पुन्हा माझ्याच हातात.

या वेळी बटणाला हात लावला नाही. फोन लावला. मोबाइल बंद. मग घरच्या लँडलाइनवर, जिचा नंबर मला शाळेपासून पाठ आहे. आठ-दहा वेळा वाजल्यावर त्याच्या आईने उचलला.

"कोणाक कितें जालें रे बाबा?"

"काही नाही काकी, सगळं बरं आहे. मास्तरला उठवा जरा."

"आता? वाजले किती?"

"चार बावीस."

पलीकडे चपला सरकल्याचा आवाज, मग दार, मग मास्तरचा घोगरा आवाज. "बोल. कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. तू आत आहेस. टीम लाव, आठ मिनिटं आहेत."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोदेर आला नाही अजून."

"मास्तर, टीम लाव."

फोन तसाच टेबलावर ठेवून तो मोबाइल शोधायला गेला. काकी मागे विचारत होत्या, हॉस्पिटलात कोण आहे म्हणून. चार सत्तावीसला यानिस वर गेला. अठ्ठावीसला गार्ड.