टाकीवरचा पोचा तसाच ठेवला

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली बाबांची जावा मोटरसायकल २००१ पासून ताडपत्रीत गुंडाळून उभी होती. दर गणपतीत कोणीतरी ती भंगारात द्यायचा विषय काढायचं आणि बाबा म्हणायचे, "बघू नंतर." २०२२ च्या दिवाळीनंतर चाळीच्या पुनर्विकासाचे करार झाले आणि त्या 'नंतर'ला तारीख मिळाली. दीड वर्षात जागा रिकामी करायची होती. मी बाबांना म्हटलं, "गाडी मी चालू करते. भंगारवाल्याला हात लावू देणार नाही."

मी मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढते. लेथवर काय चालतं ते ठाऊक होतं, पण इंजिन स्वतःच्या हाताने कधी उघडलं नव्हतं. ज्यांच्या जिन्याखाली अशीच एखादी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पाना हातात घ्यायच्या आधी मी आरसी बुक शोधलं. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसला, टॉर्च तिरका धरून वाचला आणि बुकातल्या नंबरांशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. जुळले नसते तर मी या गाडीत एक रुपयाही घातला नसता, कारण कागद नसलेली गाडी कितीही सुंदर केली तरी ती घरातच उभी राहते.

गाडी १९६९ ची. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून तिचं नाव झालं. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये ती १९६१ पासून बनू लागली, १९७३ पासून तिथल्या गाड्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. बाबांनी ही १९७७ मध्ये ग्रँट रोडच्या एका पारशी गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली. बाबा तेव्हा गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये फिटर होते.

इंजिन जाम होतं. किक जागची हलेना. (जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात. दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते. शेजारच्या मुलांना ही जादूच वाटायची.) कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागे एक मेकॅनिक आहेत, मूळचे चिपळूणचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, "जोर लावू नकोस, बाय. प्लग काढ, डिझेल आणि ऑइल ओत, नि गाडीला विसरून जा." दहा दिवस रोज रात्री चार चमचे ओतत राहिले. अकराव्या दिवशी हेड खोलून पिस्टनवर लाकडी ठोकळा धरला, हातोडीने हलकेच टकटक केलं, तेव्हा तो केसभर हलला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढले आणि नट-बोल्ट आईच्या जुन्या मसाल्याच्या डब्यांत ठेवले. झाकणावर कागद चिकटवून 'क्लच', 'डायनॅमो', 'पुढचं चाक' असं लिहिलं. हा कंटाळा कोणी करू नये. चार महिन्यांनी कुठला वॉशर कुठला, ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

पिस्टन बाहेर आला तेव्हा रिंगा खाचांत गंजून बसल्या होत्या आणि एका अंगाला उभे ओरखडे होते. हे २४८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. सिलिंडर आतून कातून मोठा करायला दिला आणि पन्नासचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घातला. नवा कनेक्टिंग रॉड, नवी बेअरिंगं. बेअरिंगसाठी मी नागदेवी स्ट्रीटला गेले तेव्हा जुनं बेअरिंग सोबत नेलं होतं. दुकानदाराने त्याच्या कडेवरचा नंबर वाचला आणि दोन मिनिटांत जोडीदार काढून दिला. हेडलाइटची रिंग मटन स्ट्रीटवर, चोरबाजारात, तिसऱ्या शुक्रवारी मिळाली. तिथे सकाळी लवकर जावं, भाग हातात घेऊन आटे तपासावे आणि चमकणाऱ्या वस्तूला भुलू नये.

माझी मोठी चूक ऑइल सीलची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि मग ते वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवा, आणि ते काम क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या सीलचं. डायनॅमोच्या बाजूचं सील बसवताना मी ऑइल न लावता शाफ्ट सरकवला आणि सीलचा ओठ आत दुमडला गेला. मला ते कळलंही नाही. गाडी चालू झाली, मी आनंदाने ओरडले, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन चढतच राहिलं. मामा बाकड्यावर चहा पीत होते. पेला न ठेवता म्हणाले, "हवा घेतेय. बंद कर." सीलमधून जास्तीची हवा आत जात होती, मिश्रण पातळ पडत होतं आणि इंजिन तापून नवा पिस्टन पुन्हा जाम झाला असता. ती बाजू सगळी परत उघडली. या वेळी सीलला बोटाने ऑइल चोळलं आणि शाफ्ट फिरवत फिरवत घातला. त्या चुकीत दोन आठवडे गेले.

वायरिंग सहा व्होल्टचं होतं, तसंच ठेवलं. बारा व्होल्ट करून घे असं बरेच जण म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, दिवा चांगला पडतो. पण मला रात्री हायवेला जायचं नव्हतं. पेट्रोलच्या नळ्या मात्र सगळ्या नव्या घातल्या, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. ऑइल मी स्वतः मोजून टाकते, लिटरला चाळीस मिली.

मग रंग. इथे बाबांचं आणि माझं वाजलं.

टाकीच्या उजव्या बाजूला एक पोचा आहे, रुपयाएवढा आणि खोल. पेंटर म्हणाला, ठोकून, पुट्टी भरून आरशासारखी करून देतो. मीही तयार होते. बाबा म्हणाले, "पोच्याला हात लावायचा नाही." कारण विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सहा महिन्यांनी घरातली भांडी विकायची वेळ आली तेव्हा ते पहाटे चारला याच गाडीवरून दादरला जायचे, भाजीच्या दोन गोण्या मागे बांधून आणायचे आणि आई चाळीच्या दारात ती विकायची. एका सकाळी उतरवताना दोन किलोचं लोखंडी वजन निसटून टाकीवर पडलं. "गाडी विकली असती तर चार महिने बसून खाल्लं असतं," ते म्हणाले. "ठेवली म्हणून दोन वर्षं काढली."

त्यानंतर मी गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. इंजिनच्या आत जे झिजलं होतं ते सगळं बदललं, तिथे दयामाया नाही, कारण त्यावर माणसाचा जीव असतो. बाहेरचं मात्र एकेक करून बाबांना विचारलं. टाकीच्या गुडघ्याजवळच्या रबरी पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्यात, त्या राहिल्या. क्रोमवरचे बारीक खड्डे राहिले. मरून रंग नवा मारला, पोच्यासकट. सोनेरी रेघा ओढायला काळाचौकीचे एक पाटी रंगवणारे काका आले. लांब केसांचा बारीक ब्रश, रंग तीनदा गाळलेला. करंगळी टाकीच्या कडेला टेकवून त्यांनी श्वास धरला आणि एका दमात रेघ टोकापर्यंत नेली. पोच्यापाशी ब्रश आत उतरला, बाहेर आला, रेघेची जाडी तसूभर बदलली नाही.

आरटीओचं थोडक्यात सांगते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचे नियम आले. त्यात नवी नोंदणी वीस हजारांत, दहा वर्षांसाठी होते. पण अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच काढता येते. मला बाबांना मागे बसवून फिरवायचं होतं. म्हणून नोंदणीचं साधं नूतनीकरण केलं. फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, उशिराचा दंड, प्रत्यक्ष तपासणी. तीन फेऱ्या झाल्या. जुना नंबर राहिला.

उरलं होतं एक खोकं. जुना पिस्टन, बेअरिंगच्या कड्या, गंजलेली हेडलाइटची वाटी. त्यातच बाबांनी एक पितळी प्रेशर गेज आणून ठेवलं, गिरणीच्या बॉयलरवरचं, बदललेलं म्हणून त्यांना मिळालेलं. स्टीमपंक हा शब्द इंग्रजी विज्ञानकथांमधून आला. वाफेच्या युगातली पितळ, चाकं, नळ्या घेऊन आजच्या वस्तू घडवायच्या, असा तो छंद. मला तो परका वाटला नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी वाफेची, गिरण्या वाफेच्या, माझ्या बापाचं आयुष्य वाफेच्या दाबावर नजर ठेवण्यात गेलेलं. मी दिवा करायचा ठरवला.

बैठकीसाठी चाळीच्या जिन्याचा तुटलेला सागवानी खांब कापला. त्यावर पिस्टन उभा केला, पिनच्या भोकातून वायर नेली. तांब्याची नळी वाकवताना दोनदा चेपली. मग ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली, म्हणजे तांबं मऊ पडतं. आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली आणि गुडघ्यावर हळूहळू वळवली. सुरेख बाक आला. वर हेडलाइटची वाटी, आत पिवळा एलईडी. गेज मधोमध बसवलं.

गेज चालतं का हे कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या आत पितळेची एक चपटी, वळवलेली नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि त्या ओढीने काटा फिरतो. बसवण्याआधी मी सायकलचा पंप जोडला. दोन दट्ट्यांत काही झालं नाही. बाबा खुर्चीतून उठले आणि काचेवर नखाने दोनदा टिचकी मारली. काटा थरथरला आणि वर चढला.

"अडकतो तो," ते म्हणाले. "आधी टिचकी, मग वाचायचं."

आता आम्ही भाड्याच्या घरात आहोत, गाडी खाली आवारात असते. दिवा दाराजवळच्या कपाटावर आहे. रात्री पाणी प्यायला उठले की बाबा जाताना काचेवर दोन टिचक्या मारतात, वाकून काटा बघतात आणि मग स्वयंपाकघरात जातात.