फ्लॅगशिप अपडेट: नोंदवहीचं उत्तर आलं आणि गॅरंटीचा कागद संशयात सापडला

मंडळी, माझ्या जुन्या लाँजिन्स फ्लॅगशिप घड्याळाबद्दल कंपनीला विचारलं होतं, त्याचं स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिएहून, म्हणजे लाँजिन्सच्या गावाहून, उत्तर आलं! फ्लॅगशिपच्या मुव्हमेंटचा, म्हणजे आतल्या यंत्रणेचा, नंबर लाँजिन्सच्या जुन्या, हातानं लिहिलेल्या नोंदवहीत सापडला. कॅलिबर (यंत्रणेचा प्रकार) ३०एल, स्टीलची केस (बाहेरचं कवच), मॉडेल फ्लॅगशिप, इटलीतल्या वितरकाच्या नावे बिल, तारीख १८ जून १९५८. म्हणजे केस आणि मुव्हमेंट एकमेकांचीच आहेत, याला आता माझ्या सांगण्यापलीकडे आधार आहे. फ्लॅगशिप १९५७ साली आलं, तेव्हा आपलं घड्याळ अगदी सुरुवातीच्या तुकड्यांतलं. मागच्या झाकणावरच्या इनॅमलच्या जहाजाकडे मी त्या संध्याकाळी जरा जास्तच वेळ बघत बसले.

हा आनंद घड्याळासोबत आलेला गॅरंटीचा कागद शेजारी ठेवेपर्यंत टिकला.

मागच्या अपडेटमध्ये ज्याचे फोटो टाकले होते तोच कागद. विक्रीची तारीख शाईनं, हातानं लिहिलेली: ५-१०-५८. छापील मजकूर तीन भाषांत, त्यात इंग्रजी सगळ्यात वर. अमेरिकी रीतीनं महिना आधी धरला तर १० मे १९५८. म्हणजे कारखान्यानं बिल फाडायच्या आधीच घड्याळ दुकानातून गिऱ्हाइकाच्या मनगटावर गेलं! दिवस आधी धरला तर ५ ऑक्टोबर, आणि मग सगळं सुरळीत. यातलं दुसरं वाचन बिनबोभाट मान्य केलं असतं, पण आणखी एक भानगड होती. मुव्हमेंट नंबरातला शेवटून तिसरा आकडा मुव्हमेंटवर इंग्रजी एक आहे आणि कागदावर चक्क सात दिसतो.

आपल्यातल्या काहींना फोटो पाठवले, तर निकाल लगेच आला: जुळवलेला सेट. घड्याळ इटलीचं, कागद अमेरिकेतल्या कुठल्या तरी दुसऱ्या लाँजिन्सचा, कोणीतरी दोघांना एका डबीत घातलं. एकानं तर बॉक्स-पेपर्सपायी (मूळ डबी आणि कागदांपायी) दिलेले जास्तीचे पैसे परत मागायचा मसुदाही करून पाठवला.

इथे माझं मत सांगून टाकते, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यावरच उभा आहे. विंटेजमध्ये, म्हणजे जुन्या घड्याळांत, डबीला मी किंमत देत नाही. डबी सुटी विकत मिळते, तिच्यावर सहसा तुमच्या घड्याळाचा नंबर नसतो, आणि विक्रेते एकाच काळातल्या डब्या गोळा करून 'फुल सेट' तयार करतात हे आपण सगळे जाणतो. किंमत आहे ती नंबर लिहिलेल्या कागदाला. तो कागद एका घड्याळाला बांधलेला असतो, आणि तो हरवला तर बहुतेक कंपन्या दुसरा देत नाहीत. पाटेक फिलिपचंच घ्या. जुन्या घड्याळासाठी अर्काइव्हचा (कंपनीच्या जुन्या नोंदींचा) उतारा देतील, त्यात बनवल्याची आणि विकल्याची तारीख असेल, पण मूळ सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पुन्हा कधीच देत नाहीत. रोलेक्स तर असा उताराही देत नाही. त्यामुळे रोलेक्समध्ये कागद गेला की गेला.

तर आता कागदाची उलटतपासणी.

सुरुवात यूव्ही टॉर्चनं. ज्यांनी अजून ३९५ नॅनोमीटरवाली स्वस्त टॉर्च जपून ठेवलीय त्यांनी ती खुशाल मुलांना खेळायला द्यावी. तिच्या जांभळ्या उजेडात सगळंच चमकल्यासारखं वाटतं. ३६५ नॅनोमीटरची घ्या, तीही काळ्या फिल्टरची. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं १९५०च्या दशकात सर्रास वापरात आली, त्यामुळे १९४०च्या दशकातला म्हणून विकलेला कागद निळा-पांढरा पेटला तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. माझा कागद १९५८चा, म्हणजे अगदी सीमेवरचा. तो चमकला असता तरी काही सिद्ध झालं नसतं, आणि तो चमकला नाही यानंही होत नाही. पण यूव्हीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. आकडा खोडला असेल किंवा रसायनानं उडवला असेल, तर त्या जागी डाग वेगळा उठून दिसतो. नंबराखाली एकसारखा मंद पिवळा रंग होता. डाग नाही.

मग दहापट लूप, म्हणजे घड्याळजींचं भिंग. छपाईत इंकजेटचे विखुरलेले ठिपके नाहीत, रेषा भरीव, कडा स्वच्छ. हे दिसलं की निम्मी बनावट बाजूला पडते, कारण आजकालचे बनावट कागद बहुतेक घरच्या प्रिंटरवरच जन्मतात. (त्याच सेटमधली सूचना-पुस्तिका मात्र लूपशिवायच उघडी पडली. तिच्यात क्वार्ट्झ घड्याळाची बॅटरी कधी बदलायची ते लिहिलंय. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोनं बाजारात आणलं डिसेंबर १९६९ मध्ये! विक्रेत्यानं पुस्तिका उघडून पाहिलीच नसणार.)

इथपर्यंत कागद जुना आणि अस्सल ठरला. पण अस्सल असणं वेगळं आणि या घड्याळाचा असणं वेगळं. अडलं ते इथेच. सात काही केल्या एक होईना.

सुटका झाली ती त्याच ओळीतल्या दुसऱ्या एका आकड्यामुळे. नंबरात पुढे आणखी एक सात आहे, आणि त्याच्या पोटातून आडवी रेघ गेलीय. युरोपात सात असाच काढतात, कारण तिथला हस्तलिखित एक डावीकडून लांब तिरपी रेघ घेऊन वर चढतो आणि मग खाली उतरतो. रेघ नसेल तर दोघांत गल्लत होणारच. आता ज्या माणसानं एका सातला रेघ दिली, तो त्याच ओळीत दुसऱ्या सातला ती देणार नाही का? मग वादग्रस्त आकड्याला रेघ नाही, याचा अर्थ तो त्याच्या हातचा एक आहे. शंका उरली असेल तर तारखेकडे बघा. '५-१०-५८' मधला एक अगदी तसाच आहे, तीच लांब चढण, तोच कोन. तिथे तो सात वाचला तर महिना किंवा दिवस होतो सत्तर! दोन्ही एकांचे मोठे केलेले फोटो मी एकावर एक ठेवून पाहिले. हात एकच आहे, शाईही एकच.

आणि गंमत म्हणजे याच एका आकड्यानं तारखेचंही कोडं सोडवलं. असा एक आणि असा रेघवाला सात लिहिणारा माणूस युरोपात शिकलेला, तो दिवस आधी लिहिणार. ५ ऑक्टोबर १९५८. कारखान्यातून जूनमध्ये बिल, वितरकाकडे मुक्काम, मग दुकान, मग ऑक्टोबरात गिऱ्हाईक. हे अंतर अगदी नेहमीचं आहे, काही घड्याळं वर्ष-दोन वर्षंही काचेच्या कपाटात बसून राहायची. नोंदवहीतली तारीख कारखान्याची असते आणि गॅरंटीवरची दुकानाची. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर उलट मला जास्त संशय येईल.

अमेरिकेवाल्या तर्काचं राहिलं होतं, म्हणून बॅलन्स कॉकही (मुव्हमेंटमधलं बॅलन्स चाक धरणारी छोटी पट्टी) पुन्हा पाहिला. तिकडे आयात झालेल्या लाँजिन्स मुव्हमेंटवर एल एक्स डब्ल्यू हा आयात-कोड कोरलेला असायचा. माझ्या मुव्हमेंटवर तो नाही. नोंदवही इटली म्हणते, मुव्हमेंटही त्याच्या विरुद्ध काही सांगत नाही.

शेवटची चाचणी घडीची. कागदाची मधली घडी नेमकी नंबराच्या ओळीतून जाते. आधी दुमडलेल्या कागदावर नंतर पातळ शाईनं लिहिलं, तर घडीत तुटलेल्या तंतूंमध्ये शाई पसरते. इथे उलट आहे, घडीच्या रेषेवर शाई झिजून पांढरी पडलीय. म्हणजे आधी लेखन, मग घडी, मग पुष्कळ उघडझाक. एवढ्यावर निकाल देणार नाही, पण पारडं चांगलंच झुकलं.

पैसे परत मागायचा मसुदा त्यामुळे कचऱ्यात.

आता नोंदवहीच्या उताऱ्याबद्दल थोडं, कारण इथे मी स्वतःही सावध आहे. उतारा सांगतो की अमुक नंबराचं, अमुक वर्णनाचं घड्याळ अमुक दिवशी बाहेर पडलं. तुमच्या टेबलावर पडलेलं तेच आहे का, ते त्याला माहीत नसतं. ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ चं प्रकरण आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ते ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानं जाहीर केलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिथे घड्याळच कागदाच्या मापानं शिवलं जातं तिथे कागद काय करणार? म्हणून मला सुटा उतारा किंवा सुटी गॅरंटी पुरत नाही. नोंदवही, गॅरंटी आणि मुव्हमेंट अशा तिघांनी एकमेकांशी न ठरवता एकच गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या विक्रेत्याच्या फोटोत नंबरावर नेमका अंगठा येतो, त्याच्याशी मी हल्ली दुसरा मेसेजही करत नाही. शिवाय नंबर मिळाला की चोरीच्या घड्याळांच्या यादीतही बघता येतं. रिशमाँ या स्विस कंपनीनं २०२३ मध्ये सुरू केलेली एन्क्विरस ही अशीच यादी फुकट आहे, वापरा.

डबीचं थोडक्यात. आतला फोम पिठासारखा झडतोय आणि कोपऱ्यात चिकट झालाय. जुना पॉलियुरेथेन असाच कुजतो. घड्याळ तिच्यातून कायमचं बाहेर काढलंय, कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवलाय. घडी पुन्हा घालायची नाही, लॅमिनेशनचं नावही काढायचं नाही. १९५८ सालची योग्य डबी शोधायचा माझा बेत तुम्हाला माहीत आहे, अर्धा पाऊण शोध झालाही होता.

पण हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. दुकानाच्या शिक्क्याचा मी आतापर्यंत नाद सोडला होता, कारण तो जांभळा शिक्का जवळजवळ उडालाय. आत्ता सुचलं की जांभळी शाई हिरवा उजेड शोषते, मग फोटोचे रंग वेगळे करून फक्त हिरवा चॅनल का बघू नये? अपडेट अर्ध्यावर ठेवून करून पाहिलं. कॉन्ट्रास्ट ताणल्यावर खालच्या ओळीच्या शेवटी दोन अक्षरं उभी राहिली: एन आणि ओ! त्यांच्या आधीचं सगळं धुकं. मिलानो म्हणावं तर तोरिनोही तिथेच संपतं, आणि इटलीत 'नो'वर संपणाऱ्या गावांची काही कमी नाही. तरी दोन अक्षरं ही दोन अक्षरं आहेत, आणि त्यांनी मला डबीपेक्षा जास्त आनंद दिलाय.

तेव्हा डबीचा शोध बंद, ते पैसे राखून ठेवते. त्याऐवजी तुमच्याकडे मागणं आहे. कोणाकडे १९५७ ते १९५९ दरम्यान इटलीत विकलेल्या लाँजिन्सची गॅरंटी असेल, तर तिच्यावरच्या दुकानाच्या शिक्क्याचा फोटो पाठवा. अख्ख्या कागदाचा नको, नंबर झाकलात तरी चालेल (इथे अंगठा माफ). शिक्क्याचा आकार अंडाकृती आहे, कडेला दुहेरी रेघ, वरच्या ओळीत बहुधा दोन शब्द. फोटो सरळ वरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा. फ्लॅशनं फोटोत जांभळी शाई साफ उडते.